पोपटचा बिबट्या

बिबट्याची यात काहीही चूक नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर गावात ज्याला त्याला फुशारकी मारायची होती, की मला तर पहिल्याच दिवशी संशय आला होता. कुणाला काडीचा संशय आला नव्हता. मला माहीत होतं, कारण पोपटचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त घासाचे दोन वाफे आहेत, आणि चिडलेल्या माणसाचा आवाज घासाने अडत नाही.

घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे आमचं गाव. पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून बिबट्या आहे. कुणाचं कुत्रं दिसेनासं झालं, बिबट्या. कुणाची शेळी गेली, बिबट्या. सोपानआबांचा चष्मा हरवला तेव्हासुद्धा चार माणसांनी आधी उसाकडे बघितलं होतं. अशा गावात पोपट एका सकाळी डेअरीवर दूध घालायला आला, तो तोंडाला टॉवेल गुंडाळून. सोपानआबांना दुसऱ्याच्या टॉवेलखाली काय आहे याची फार काळजी. त्यांनी तो ओढला. डाव्या गालापासून मानेपर्यंत लालभडक ओरखडे आणि दंडावर दात उमटलेले.

"आरं, ह्ये काय?" आबा म्हणाले.

पोपटजवळच्या सबबी तोवर संपत आल्या होत्या. मोटरसायकल घसरून झाली होती, बाभळीची फांदी लागून झाली होती, धार काढताना गाय उधळून झाली होती. ती गाय तर इतकी गरीब, की तिच्यावर आळ घेताना त्याची मान खाली जायची. तो नवी सबब शोधत होता, तेवढ्यात आबांनीच विचारलं, "बिबट्या?"

पोपटने नुसती मान हलवली. पुढचं सगळं गावाने आपल्या मनाने केलं.

मी गावची पोलीस पाटील आहे. घरातली भांडणं मिटवणं हे तसं माझं काम नाही, पण ती माझ्याच दारात येतात. आजवर आली ती सगळी मार खाल्लेल्या बायकांची. त्यांच्यासाठी कुणाला फोन लावायचा, कुठल्या मॅडमना गाठायचं, माहेरच्यांना कसं बोलवायचं, हे मला तोंडपाठ. मार खाल्लेला गडी आला तर काय करायचं, हे कुणाला विचारावं तर समोरचा आधी हसायचा. मला त्या हसण्याचा फार राग येतो, म्हणून आधीच सांगते: ज्यांना यात लाटण्याचा विनोद दिसतोय, त्यांनी इथेच उठून चहा प्यायला जावं.

पोपटची बायको रश्मी. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत होते. बोलायला गोड, कामाला वाघ, बचत गटाची अध्यक्ष. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर माझा डबा तिने केला, आणि भाजीत मीठ कधी कमी-जास्त झालं नाही. त्याच हाताने ती पोपटला मारायची. शेवंतीला भाव कमी आला म्हणून, फोन उचलला नाही म्हणून, भाकरी संपवली नाही म्हणून. तापलेलं उलथनं त्याच्या पाठीला लागलेलं मी पाहिलंय. का मारते, असं मला विचारू नका. बाप्या मारतो तेव्हा ‘का’ विचारणाऱ्यांना मी दारातून हाकलते, तोच नियम इथे.

पोपट एकदा मन घट्ट करून सर्जेरावांकडे गेला होता. सर्जेराव म्हणजे आमच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. गावच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी कमान आहे, आणि ती आपण स्वतः खांद्यावर धरून उभे आहोत अशा थाटात ते चालतात. त्यांनी पोपटचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बायकू मारती म्हंजी माया करती, लेका. माझी तर मला बोलतबी न्हाई." मग तेच पारावर चार जणांना सांगितलं. संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर कुणीतरी लाटणं उगारलेल्या बाईचं चित्र टाकलं. पोपटनेही त्याखाली हसणारं तोंड टाकलं. त्यानंतर तो कुणाला काही बोलला नाही, आणि गावही हसून विसरून गेलं.

तर बिबट्या. दुपारपर्यंत तो दोन झाला, रात्रीपर्यंत मादी आणि तीन बछडी. कोबीला पाणी द्यायला कुणी जाईना, कांदा काढायला बाया येईनात, शाळेत पोरांना ट्रॅक्टरने सोडायला लागले. पोपटला आम्ही तालुक्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, जंगली जनावराची जखम आहे, रेबीजची इंजेक्शनं पूर्ण घ्यावी लागतील. पोपट माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागले. रश्मी शेजारीच उभी होती, डोळ्याला पदर लावून.

"द्या डॉक्टर," ती म्हणाली. "लागत्याल तेवढी द्या. काळजी नको राहायला."

बायको चावली म्हणून रेबीजची इंजेक्शनं घेणारा पोपट हा तालुक्यातला पहिलाच असावा. तारीख आली की तो मुकाट मोटरसायकलला किक मारायचा आणि टोचून घेऊन यायचा.

वन खात्याचे वनपाल महेंद्र आले. शांत माणूस, नोकरीचा निम्मा काळ लोकांची बोलणी खाण्यात गेलेला. त्यांनी ठसे शोधले, सापडले नाहीत. पोपटच्या खुराड्यात कोंबड्या जशाच्या तशा होत्या. कुत्रं पायरीवर आडवं पडलं होतं. ते म्हणाले, "एवढ्या कोंबड्या सोडून बिबट्या माणसाच्या गालाला लागला?" यावर सोपानआबा म्हणाले, "सायेब, आता त्येंची चव बदलली." सगळ्यांना पटलं. भरपाईचा विषय निघाला तर पोपट नकोच म्हणाला. सरकारी मदत नको म्हणणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याच्या साधेपणाचं कौतुक केलं. संशय नाही घेतला, कौतुक केलं.

पोपटच्या उसाच्या कडेला पिंजरा लागला, आत एक शेळी. आणि यूट्यूब चॅनलवाला एक पोरगा माईक घेऊन आला. पोपट कॅमेऱ्यापुढे घाम पुसत उभा. तो काही बोलेना, म्हणून रश्मी पुढे झाली. तिने सांगितलं, की आवाज ऐकून आपण धावलो, चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि बिबट्याच्या अंगावर गेलो. "मी नसते तर आज ह्ये दिसले नसते," ती म्हणाली. मला वाटतं, बोलता बोलता तिला ते खरंच वाटायला लागलं होतं.

गावाला सत्काराची संधी मिळाली की गाव ती सोडत नाही. वेशीवर फ्लेक्स लागला. एका बाजूला डरकाळी फोडणारा बिबट्या, दुसऱ्या बाजूला रश्मी, आणि मध्ये दोघांपेक्षा मोठे सर्जेराव. खाली ‘आमच्या गावची वाघीण’. देवळासमोर मांडव घालून तिला साडी, नारळ, शाल आणि फेटा दिला. सर्जेरावांनी भाषणात सांगितलं, की नवऱ्यावर आलेलं संकट अंगावर घेणारी अशी बाई घरोघरी हवी. पोपट पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मी त्याच्या मागेच होते. त्याच्या सदऱ्याच्या बाहीतून नवा, नुकताच काळा-निळा झालेला डाग दिसत होता. मला त्या मांडवाला काडी लावावीशी वाटली.

याच दिवसांत खिळ्यांचे पट्टे आले. बिबट्या मान धरतो म्हणून लोक रानात जाताना गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा घालायला लागले. आधी हसायचं आणि मग विकत घ्यायचा, अशी रीत. पोपटनेही घेतला. फरक एवढाच, की बाकीचे रानात जाताना पट्टा घालायचे आणि घरी आल्यावर काढायचे. पोपट रानात जाताना काढून बांधावर ठेवायचा, आणि घरी येताना घालायचा.

हे पाहिल्यावर मला राहवेना. घास कापायला आला तेव्हा मी त्याला गाठलं.

"पोपटभाऊ, आता खरं सांगून टाका. पोरं घराबाहेर पडंनात. तुमच्या सांगण्यावरनं समद्या गावाचं दार बंद झालंय."

"मी कुठं काय सांगितलं, वहिनी? मी निस्ती मान हलवली."

"मग आता जीभ हलवा. मी हाय ना संगं."

त्याने विळा खाली ठेवला. "चौकीत गेलो तर च्या पाजत्यात आन् हसत्यात. गावात सांगितलं तर लाटण्याचं चित्र येतं. बिबट्याचं नाव घेतलं तवा लोक घरी आलं, वहिनी. सोपानआबा भाकरी घिऊन आलं. समदी म्हनली, लई लागलं का रं पोपट. मला इतक्या वर्सात कुणी इचारलं न्हवतं, लई लागलं का."

मी त्याचा घासाचा भारा उचलून द्यायला हात लावला, आणि मग तो गेला.

आणि मग खरंच एक बिबट्या अडकला.

सकाळी सोपानआबांनी पिंजऱ्यातली गुरगुर ऐकली आणि ते जे ओरडत आले, ते अर्धं गाव गोळा करूनच थांबले. पिंजऱ्यात मादी होती, वयाने लहान. शेळी तिच्या जाळीपलीकडच्या कप्प्यात सुखरूप होती आणि जिवाच्या आकांताने ओरडत होती. बिबट्या गजांवर तोंड आपटून आपटून नाक सोलवटून घेत होता. लोक मोबाईल वर करून उभे. कुणी म्हणालं जाळा, कुणी म्हणालं गोळी घाला. रश्मी फेटा सोडून बाकी सगळी सत्काराच्या दिवसासारखीच तयार होऊन आली, आणि पोरी तिच्याबरोबर सेल्फी काढायला लागल्या.

वनपाल महेंद्र गाडी घेऊन आले. त्यांनी लोकांना मागे सारलं आणि मला म्हणाले, "पाटीलबाई, अडचण अशी आहे. नुसताच फिरणारा बिबट्या असेल तर लांब नेऊन सोडता येतो. माणसावर हल्ला केलेला असेल तर सोडता येत नाही. जन्मभर पिंजरा. त्यामुळे पोपटरावांना विचारावं लागेल, हाच का तो."

म्हणजे बिबट्याची ओळख परेड. मी कामानिमित्त एवढ्या ओळख परेडी पाहिल्यात, पण आरोपी एकटाच आणि तोही पट्ट्यापट्ट्यांऐवजी ठिपक्यांचा, ही पहिलीच. गाव मात्र अगदी गंभीर. सर्जेरावांनी पोपटला हाताला धरून पुढे आणलं. त्याच्या गळ्यात पट्टा होताच.

"नीट बघ," सर्जेराव म्हणाले. "भिऊ नको. हाच हाय ना?"

"हाच, हाच," मागून सोपानआबा म्हणाले. त्यांना चष्म्याशिवाय पिंजरासुद्धा धड दिसत नव्हता.

पोपट गजांजवळ गेला. बिबट्या मागच्या कोपऱ्यात दबला, कान पाडले आणि फिसकारला. पोपट त्या मादीकडे बघत राहिला. तिच्या नाकावरून रक्त येत होतं, आणि कुठेही वळली तरी गज लागत होते. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं त्याला. पूर्वीसारखी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गाव निर्धास्त झालं असतं, रश्मी वाघीण राहिली असती, पोपटची इज्जत राहिली असती, आणि हे जनावर मरेपर्यंत त्या गजांना नाक घासत बसलं असतं.

"ह्यो न्हाई," पोपट म्हणाला.

लोकांत चुळबुळ झाली. महेंद्र म्हणाले, "मग दुसरा आहे का? पिंजरा पुन्हा लावावा लागेल."

"दुसराबी न्हाई. पिंजरा काढा. ह्येनं मला कवा नखबी लावलं न्हाई."

"आरं मग तुला कुणी वरबाडलं?" सर्जेराव वैतागले.

पोपटने गळ्यातला पट्टा सोडला. बक्कल लवकर निघेना, पण कुणी मदत केली नाही. "मंडळीनं," तो म्हणाला. "लगीन झाल्यापास्नं मारती. ते गाडी घसरली, फांदी लागली, समदं खोटं. बिबट्या तर आबाच म्हनलं, मी मान हलवली. ह्या मुक्या जनावराला माझ्यापायी डांबू नका, सायेब."

मग कुठूनतरी एक खुसखुस आली, आणि सगळं गाव हसलं. सोपानआबा काठीवर वाकून हसले, पोरी मोबाईल धरूनच हसल्या, सर्जेरावांचं पोट गदागदा हललं. "तरी म्हनलं, बिबट्यानं नेलपॉलिश कवापासनं लावली," ते म्हणाले, आणि पुन्हा एक लाट आली. मी दोन शिव्या घातल्या, पण त्या हशात बुडून गेल्या.

पोपट सोडला तर हसत नव्हते ते तिघंच. मी, वनपाल आणि बिबट्या.

रश्मी तर सगळ्यांत गोड हसली. "इंजेक्शनांचा ताण आलाय वो त्येंना," ती म्हणाली. "रातभर झोपत न्हाईत. काईबी बोलत्यात." ती पोपटजवळ आली. त्याच्या टोपीवर उसाचं पाचट चिकटलं होतं, ते काढायला तिने मायेने हात वर केला. "चला घरी, च्या ठेवते."

तिचा हात वर गेला मात्र, आणि पोपट खाली बसला. दोन्ही कोपर डोक्यावर, हनुवटी छातीला, एका कुशीवर वळून. कुणी शिकवल्याशिवाय येत नाही असं बसणं. त्याला ते कळलंही नसावं. तेवढा मोठा बाप्या माणूस, सगळ्या गावासमोर, पिंजऱ्याला पाठ लावून इतका लहान झाला.

रश्मीचा हात तसाच वर राहिला, बोटात पाचट धरलेला.

हसू एकदम बंद नाही झालं. पुढच्यांचं आधी थांबलं, मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून ते थोडा वेळ हसत होते. मग त्यांचंही थांबलं. शेळीचा तेवढा आवाज राहिला. सोपानआबांनी शेजारच्याला विचारलं, "काय झालं रं?" आणि कुणी त्यांना सांगितलं नाही.

मी पोपटच्या शेजारी खाली बसले. गुडघा कुरकुरला, कुरकुरू दिला. "पोपटभाऊ, तक्रार लिहू का? ह्या वक्ताला मी सोता संगं येते. हसल कोण, त्याचं तोंड मी बघते."

"लिवा," तो म्हणाला. कोपर हळूहळू खाली आले. "पर आज मला घरी नका धाडू."

रश्मी पाचट टाकून मागे सरकली. सेल्फीवाल्या पोरी तिच्यापासून बाजूला झाल्या. महेंद्रनी माणसांना खूण केली आणि पिंजरा गाडीत चढवायला घेतला. बिबट्याला त्याच दिवशी लांब नेऊन सोडणार, असं त्यांनी मला सांगितलं. पोपट उठला, कपडे झटकले आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"सायेब, गाडीत जागा हाय का? मला बी सोडा वाटंत. निमोण्याला बहीण असती माझी."

सर्जेरावांना एवढ्या लोकांत गप्प राहणं अवघड गेलं. खाकरून ते म्हणाले, "आरं पोपट, गडीमाणूस तू. बायकूला भिऊन गाव सोडतो व्हय?"

पोपट सर्जेरावांकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही.

"आप्पा, बिबट्याच्या नुसत्या नावाला भिऊन समदं गाव दार लावून बसलं, तवा कुणी कुणाला हसलं न्हाई. बिबट्या दिसलाबी न्हवता. मला तर रोज ताटावर दिसायची."

सर्जेरावांनी टोपी नीट केली आणि कमानीच्या बाजूला बघत राहिले. महेंद्रनी गाडीचं पुढचं दार उघडलं, सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली आणि म्हणाले, "बसा, पोपटराव."